घरातल्या जुन्या बाडाची सरकारी नोंदणी: गोव्यात कोणी, कुठे, कोणत्या कागदांनिशी करायची

डिचोलीकडच्या एका घरात मी असं एक बाड पाहिलं. लाल कापडाची बांधणी, आत दीडेकशे कागद, काही मोडी तर काही पोर्तुगीज. सावंतवाडीकरांच्या फौजेची खबर, दारूगोळ्याची याद, एका तहाची नक्कल. संग्राहक आजोबांनी पहिल्या पानावर जांभळ्या पेन्सिलीनं अनुक्रमणिका लिहिली होती. बाइंडरनं मात्र कडा सारख्या करताना चार पत्रांच्या तारखाच उडवल्या होत्या. घरच्यांचा प्रश्न एकच: हे नोंदवावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पुरावशेष आणि कलानिधी कायदा 1972 चा, लागू झाला 5 एप्रिल 1976 पासून. पुरावशेष (कायद्याच्या लेखी मोलाची जुनी वस्तू) ठरायला मूर्ती-नाण्यांसाठी वयाची अट 100 वर्षांची, तर ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखित, दप्तर वा दस्तऐवजासाठी 75 वर्षांची. म्हणजे 1946 च्या जूनमध्ये लोहियांच्या मडगावच्या सभेविषयी कोणी लिहिलेलं पत्र आज पुरावशेष ठरू शकतं. डिसेंबर 1961 चं पत्र मात्र 2036 पर्यंत नाही. नोंदणीची सक्ती यातल्या सगळ्यांना नाही. हस्तलिखितांपैकी ज्यात चित्रं, रेखाटनं किंवा सोनेरी-रंगीत सजावट आहे तेवढ्यांनाच आहे. नुसत्या मजकुराचं बाड सक्तीतून सुटतं. पण मधे एखादं किल्ल्याचं रंगवलेलं चित्र शिवलेलं असेल तर आधी विचारून घ्या. आमच्या त्या बाडात शेवटून तिसऱ्या पानावर असं चित्र निघालं!

नोंदणी लागली, तर ताबा आल्यापासून 15 दिवसांत अर्ज करायचा. चौकशीची सोयीची जागा म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं जुने गोवे इथलं मंडळ कार्यालय. अर्ज नमुना 7 मध्ये, प्रमाणपत्र नमुना 8 मध्ये. सोबत फोटोंच्या प्रती (कायद्यानं सहापेक्षा जास्त मागता येत नाहीत) आणि वस्तूचं वर्णन. माझ्या मते ओळखपत्राची प्रत आणि बाड घरात कसं आलं याचा एक परिच्छेदही जोडावा. पुढे ते दुसऱ्याच्या हाती गेलं, तर तेही कळवावं लागतं.

काळाचा रकाना भरताना लोक अडतात. मराठी पत्रावर तारीख बहुधा शुहूर सनात, म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहायच्या जुन्या कालगणनेत असते. 'सलास अर्बैन मया व अलफ' म्हणजे तीन, चाळीस, शंभर, हजार: 1143. त्यात 599 मिळवले की 1742, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला 600 मिळवायचे. शेवटी 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सुद' असा, पत्र संपल्याची खूण करणारा शिक्का दिसला तर त्याचा वेगळा फोटो काढा.

मालकीचा मुद्दा गोव्यात जरा नाजूक. इथं वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून दान किंवा विक्रीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. आजोबांच्या नावचं बाड असेल तर सक्सेशन डीड (वारस कोण हे सांगणारा नोटरीचा दस्त) किंवा इन्व्हेंटरीतली (कोर्टातल्या वाटणीच्या कामातली) प्रत, आणि बाकी वारसांची ना हरकत. एक चुलतभाऊ विसरला की सगळं अडलंच समजा.

हस्तलिखितांच्या राष्ट्रीय मिशनकडे (2025 पासून 'ज्ञान भारतम्') धाव घेण्याआधी एक लक्षात घ्या. 2003 च्या त्या मिशनच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे ज्ञानाचा मजकूर असलेला ग्रंथ. फर्मानं, महसुली कागद ही त्यांच्या लेखी ऐतिहासिक दप्तरं, वेगळी जात. वैद्यकाची पोथी तिकडे चालेल. फौजेच्या हजेरीचं बाड पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे न्या. या दप्तराची परंपरा 1595 पासूनची, पहिला दप्तरदार पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु. पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी इथलेच पोर्तुगीज कागद उलगडून मराठ्यांचा इतिहास लिहिला, तेव्हा तुमच्या बाडाला तिथं जोडीदार कागद सापडण्याचा संभव चांगला. अर्ज साधा चालतो. त्यात 'दान', 'ठेव' की 'फक्त स्कॅनिंग' हे स्पष्ट लिहा आणि पानांची संख्या मोजून पोच घ्या.

खाजगी माणसाला पुरावशेष परदेशी नेता येत नाही. लिस्बनच्या नातेवाइकाला 'फक्त दाखवायला' म्हणून बॅगेत घातलं, तरी सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. पुरावशेषांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. पानावर एखाद्या कचेरीचा आवक क्रमांक दिसला, तर कागद मुळात सरकारी असू शकतो, विकण्याआधी चौकशी करा.

आणि फोटोसाठी बांधणी उसवू नका. कोणतं पत्र कशाशेजारी लावलं, हेही संग्राहकानं काही ठरवूनच केलेलं असतं. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. पावसाळ्यात पान चिकटलं असेल तर तसंच राहू द्या आणि अर्जात तसं लिहा: 'पान 41-42 चिकटलेले, उघडले नाही.'