बाळंतपण, अपंगत्व आणि मालकाचे कर्तव्य

गरोदर आणि दिव्यांग कामगारांसाठी मालकाने काय करायला हवे, हा प्रश्न भारतीय कायद्यात दोन वेगळ्या वाटांनी आला आणि त्या वाटा आजही एकमेकींपासून दूरच आहेत.

पहिली वाट मुंबईच्या गिरण्यांतून निघते. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्रसूतीविषयक विधेयक मंजूर झाले नाही. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये कायदा करून बाळंतपणाच्या भत्त्याचा भार कारखानदारावर टाकला. त्याआधीच्या वर्षी प्रांतिक कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशी भूमिका घेतली होती की, लोकांचे हित जपणे हे प्रामुख्याने सरकारचे काम असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. तरीही स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाला त्यातून पूर्ण मोकळीक देता येणार नाही. कायद्याने यातले मालकाचे उत्तरदायित्व तेवढे उचलले, सरकारचे नाही.

१९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने बारा आठवड्यांची पगारी रजा देशभर आणली. या कायद्याची ओळख रजेपुरतीच राहिली असली, तरी कामात बदल करण्याचे बंधनही त्यात होते आणि २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे: प्रसूतीपूर्वीच्या ठरावीक काळात स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही, आणि कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या द्याव्या लागतात. तरीही पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द करेपर्यंत टिकून होता. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांना प्रसूती लाभ मिळायला तर २००० साल उजाडावे लागले.

दिव्यांगांची वाट बरीच उशिरा, १९९५ च्या कायद्याने सुरू झाली. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढू नये, त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यावे, तसे पद नसल्यास अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा) पद निर्माण करावे, असे त्याचे कलम ४७ सांगत होते. पण हे बंधन मुख्यतः सरकारी आस्थापनांपुरते होते. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारनाम्याला मान्यता दिल्यानंतर, २०१६ च्या कायद्यात ‘वाजवी सोयी’ची व्याख्या आली: अवाजवी भार न टाकता केलेले आवश्यक आणि योग्य फेरबदल. खासगी आस्थापनांना समान संधी धोरण जाहीर करणे भाग पडले, मात्र अशी सोय पुरवण्याचे कलम २० मधील बंधन शब्दशः सरकारी आस्थापनेवरच आहे. खासगी नोकरीतील दिव्यांग माणसासाठी ही उणीव मोठी आहे.

अमेरिकेत गरोदर कामगारांसाठी २०२३ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने अपंगत्वविषयक कायद्यातीलच सोयीची कल्पना वापरली. आपल्याकडे मात्र २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. म्हणजे भर पुन्हा रजेवरच राहिला. कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या स्त्रियांचा लाभ विमा निधीतून दिला जातो, इतरांचा संपूर्ण पगार मालक देतो, आणि त्यामुळे स्त्रियांना नोकरीवर घेण्यास मालक कचरतील, ही शंका दुरुस्तीच्या वेळीच व्यक्त झाली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने सात आठवड्यांच्या वेतनाची भरपाई मालकांना देण्याची योजना विचाराधीन असल्याचे सांगितले.