बियांचे आकारमान-वजन रूपांतर

पाककृतीत कपाने किंवा चमच्याने दिलेले बियांचे माप ग्रॅममध्ये मांडणे. गणित सोपे आहे: मापाचे मिलीलिटर गुणिले एका मिलीलिटरमध्ये मावणारे बियांचे वजन. अडचण दुसऱ्या आकड्याची. मापातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा सहसा दाण्यांमधली हवाच अडवते, आणि ही हवा किती हे दाण्याच्या आकारावर आणि माप कसे भरले यावर ठरते.

गोल, गुळगुळीत दाणे घसरत एकमेकांच्या फटीत बसतात. त्यामुळे 15 मिलीच्या सपाट मोठ्या चमच्यात मोहरी सुमारे 11 ग्रॅम भरते, तर लांबट, शिरा असलेले जिरे जेमतेम 6. मेथी 11, जवस 10, तीळ आणि खसखस 9. धणे गोल असूनही 5 ग्रॅमच, कारण दाणा आतून पोकळ असतो. दाणा लहान की मोठा, याने मात्र फारसे बिघडत नाही. चमच्याच्या मानाने तो फारच मोठा असेल तेवढाच अपवाद. भोपळ्याच्या सोललेल्या बिया छोट्या चमच्यात आडव्यातिडव्या अडकतात आणि दर वेळी वेगळे वजन येते. त्या कपानेच मोजाव्यात: अमेरिकी कपात सुमारे 130 ग्रॅम.

कप कोणता, हे आधी पाहावे. अमेरिकी कप 237 मिलीचा, मेट्रिक 250 चा, जपानी 200 चा. म्हणजे एक कप तीळ अनुक्रमे 144, 152 किंवा 122 ग्रॅम. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा 20 मिलीचा असतो, त्यामुळे तिथल्या पाककृतीतला मोठा चमचाभर तीळ 9 नव्हे, 12 ग्रॅम होतो.

असा तयार आकडा अंदाजापुरता. हातातल्या बियांचा आकडा स्वतः काढलेला बरा. रिकामा कप वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करावा, काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम पाणी, तितके मिली माप. कप पूर्ण कोरडा करून त्यात बिया वरून ओघळू द्याव्यात, कप ठोकू नये, दाबू नये, आणि सुरीच्या पाठीने काठासरशी सपाट करून वजन करावे. असे तीनदा करून सरासरी घ्यावी. पाणी 240 ग्रॅम आणि बिया 163 ग्रॅम आल्या, तर आकडा 163 भागिले 240, म्हणजे मिलीला 0.68 ग्रॅम, मोठा चमचा मग 10.2 ग्रॅमचा.

सर्वांत मोठी चूक शिगेची होते. चमच्यावरची शीग वजन सहज दीडपट करते, आणि छोट्या चमच्यात ती प्रमाणाने जास्त. कप ओट्यावर आपटला की दाणे खाली बसतात आणि वर पुन्हा जागा होते. ती भरली की वजन वाढलेच.

पाककृतीतला शब्दक्रमही पाहावा. ‘2 मोठे चमचे जवसाची पूड’ म्हणजे सुमारे 14 ग्रॅम, कारण पूड फुगीर असते. ‘2 मोठे चमचे जवस, पूड करून’ म्हणजे 20. जवस पाणी धरतो, म्हणून पिठात हा फरक लगेच जाणवतो. भाजताना बियांतला ओलावा उडतो आणि काही बिया फुगतात, म्हणून माप भाजण्याआधीचे की नंतरचे तेही ठरवून घ्यावे. सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया कपाला 140 ग्रॅम भरतात, पण टरफलासकट मोजलेल्या कपातून गर निघतो फक्त 46 ग्रॅमच्या आसपास. वरून भुरभुरायच्या तिळासाठी मात्र काटा काढण्यात अर्थ नाही.

छोटा चमचाभर जिरे म्हणजे 2 ग्रॅम. एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ते कधी 1, कधी 3 दिसतील. अशा वेळी 10 सपाट चमचे एकत्र तोलून दहाने भागावे. बिया चिमटीने हळूहळू टाकल्या तर काही काटे ती वाढ म्हणजे शून्य आपोआप थोडे सरकले असे समजून ती दाखवतच नाहीत. त्या वेगळ्या वाटीत काढून एकदम ओताव्यात.