किती प्यायले, किती वेळा झाली: पोटाच्या रुग्णाची शुश्रूषा

पोट बिघडलेल्या रुग्णाजवळ बसणाऱ्याने आधी एक वही-पेन घ्यावं. किती वाजता किती पाणी पोटात गेलं, जुलाब किती वेळा झाले, लघवी शेवटची कधी झाली, उलटीचा रंग कसा होता, एवढं लिहीत राहावं. हॉस्पिटलात सिस्टर हेच चार्टवर लिहीत असतात. सलाइन लावायचं की तोंडाने पाजून भागेल, हे डॉक्टर बऱ्याचदा त्या नोंदी बघूनच ठरवतात.

यामागे शरीराचा हिशेब आहे. आपण दिवसाला साधारण २ लिटर द्रव खातो-पितो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्यांचा रस असे आणखी सुमारे ७ लिटर मिसळतात. या ९ लिटरपैकी शौचावाटे जातं जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर, बाकीचं आतडी परत शोषून घेतात. जुलाबात हे शोषण बिघडतं किंवा आतड्यांतून पाणी जास्त पाझरतं, आणि धडधाकट माणूसही काही तासांत गळून जातो.

अशा वेळी ओआरएस (पाकिटातली मीठ-साखरेची पूड घालून केलेलं पाणी) कामी येतं ते एका नशिबाच्या गोष्टीमुळे. जुलाबात मीठ शोषण्याचे इतर मार्ग बिघडले तरी ग्लुकोजबरोबर सोडियम आत नेणारा मार्ग बहुधा शाबूत राहतो. ग्लुकोजचा एक रेणू सोडियमचे दोन आयन सोबत नेतो आणि त्यांच्यामागे पाणी जातं. म्हणजे ओआरएसमधली साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात बहुतेक घरच्यांचेच होते, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

मात्र प्रमाण चुकवू नये. पाकिटावर १ लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण लिटरभर स्वच्छ पाण्यात घालायचं. अंदाजाने चिमूटभर पेल्यात टाकायचं नाही. जास्त गोड द्रव उलट आतड्यांत पाणी ओढून घेतं, म्हणून शीतपेयं आणि डब्यातले गोड रस इथे चालत नाहीत. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावं. उपाशी ठेवू नये. अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नये.

डोळे खोल गेले, मूल रडताना अश्रू येत नाहीत, सहा-आठ तासांत लघवी नाही, रुग्ण ग्लानीत आहे, यातलं काहीही दिसलं की दवाखाना गाठावा. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसणं हेही एक लक्षण, पण म्हाताऱ्या माणसांत ते फसवं असतं. त्यांची कातडी एरवीही सैल झालेली असते.

म्हाताऱ्यांच्याच बाबतीत आणखी एक फसगत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चार-पाच दिवस शौचाला झालेली नसते आणि मग एके दिवशी पातळ पाण्यासारखं थोडं थोडं, नकळत, कपड्यातच होऊ लागतं. घरचे जुलाब समजून जुलाब थांबवणारी गोळी देतात. खरं तर गुदाशयात घट्ट मलाचा खडा अडकलेला असतो आणि वरचा पातळ मल त्याच्या कडेने झिरपत असतो. गोळीने अडथळा आणखी घट्ट होतो. इथे आधीचे कोरडे दिवस वहीत नोंदलेले असतील तर शंका लगेच येते, आणि डॉक्टर किंवा सिस्टर बोटाने तपासून खात्री करतात. अफूजन्य वेदनाशामकं आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच लक्ष ठेवावं.

बद्धकोष्ठतेत साध्या गोष्टींचा उपयोग होतो. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या खाण्यानंतर, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. त्याच वेळी रुग्णाला बसवावं. पायांखाली छोटं स्टूल दिलं की गुडघे वर येतात आणि जोर कमी लागतो. पाठीवर आडवं ठेवून बेडपॅनवर शौच करवणं हे जवळजवळ अशक्य काम आहे. डोक्याकडची बाजू उंच करावी आणि पडदा ओढावा. लाजेने दाबून ठेवणारे रुग्ण पुष्कळ असतात.

छातीत जळजळ होणाऱ्यांना नुसत्या उशा वाढवू नयेत, त्याने पोट दुमडून दाब वाढतो. पलंगाचीच डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

अल्सरचं बरंचसं खापर एकेकाळी चिंता आणि तिखटावर फुटायचं. खरं तर बऱ्याच अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जिवाणू असतात. हे पटवायला डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली ते स्वतः पिऊन दाखवले, आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. शुश्रूषा करणाऱ्याने मात्र शौचाचा रंग बघावा. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजे आत रक्तस्राव होतोय. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती सहसा अशी चिकट नसते. नाडी जलद झाली, उभं राहताच घेरी आली, तर वाट बघू नये.

शेवटी अपेंडिक्स. दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. अशा रुग्णाला पोट साफ करणारं औषध, एनिमा, गरम पाण्याची पिशवी यातलं काहीही देऊ नये. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून खायला-प्यायलाही देऊ नये. दुखणं एकाएकी थांबलं तर निश्चिंत होऊ नका, अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ बरं वाटतं. ती वेळ लिहून ठेवा आणि निघा.