ध्वनिसंपादन कानाकडून डोळ्यांकडे गेलं, त्याची पार्श्वभूमी

टेपच्या रिळांच्या काळात ध्वनिसंपादन कानावरच चालायचं. रीळ हातानं मागेपुढे फिरवत शब्दाची सुरुवात हेरायची, पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका काप घेऊन चिकटपट्टीनं जोडायचं. टेपकडे पाहून त्यावर काय बोललंय हे डोळस माणसालाही कळत नसे. संगणक आला आणि आवाजाचं चित्र झालं. पडद्यावर लहर दिसते, ती माउसनं ओढून निवडायची. अंध संपादकाची वाट इथे अडली.

मुंबईला हा विषय परका नाही. नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, 1952 साली याच शहरात स्थापन झाली आणि तिच्या बोलक्या पुस्तकांवर अनेकांचं वाचन झालं. आता कुणीही घरी मोबाइलवर धडा वाचून देऊ शकतं. मग त्यात कुकरची शिट्टी येते, लोकलचा भोंगा येतो, चुकलेलं वाक्य दोनदा येतं. ते काढायला, दिवसभर ऐकूनच वाचणाऱ्या माणसापेक्षा तयार कान कुणाचा असणार?

अडचण कानाची नव्हतीच. जॉज हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, 1989 मध्ये डॉस या विंडोजआधीच्या संगणक-प्रणालीसाठी आला. तिथे पडद्यावर निव्वळ अक्षरं असत, ती वाचणं सोपं होतं. विंडोजवर स्क्रीन रीडरला बटणाचं नाव आणि स्थिती प्रोग्रामनं कळवावी लागते. ध्वनिसंपादनाचे प्रोग्राम मात्र आपली बटणं, फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या), लहरी स्वतःच रंगवत. डोळ्याला देखणं, स्क्रीन रीडरला कोरं. मग असे प्रोग्राम वाचता यावेत म्हणून जॉजसाठी खास स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांच्या छोट्या जोडण्या, लिहिल्या गेल्या. केकवॉक सोनार या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामसाठीच्या केकटॉकिंग या स्क्रिप्टनं अनेक अंध संगीतकारांना काम करता आलं, पण त्यासाठी सगळंच विकत घ्यावं लागे.

फुकट पर्याय आले तेव्हा खरा फरक पडला. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर 2000 साली आलं. 2006 मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्यासोबत येणारा ईस्पीक, म्हणजे अक्षरांचा आवाज करणारा प्रोग्राम, मराठीही वाचतो. ऑडॅसिटीत आवाज चालू असतानाच डाव्या चौकोनी कंसाची कळ दाबली की निवडीची सुरुवात ठरते, उजव्या कंसानं शेवट. सी दाबलं की तो तुकडा काढल्यावर जोड कसा ऐकू येईल तेही कळतं. रिळावरची जुनी पद्धतच ही, ब्लेडशिवाय.

रीपर या ध्वनिसंपादनाच्या दुसऱ्या प्रोग्रामची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. एनव्हीडीए घडवणारे जेम्स टेह, तेही अंध, यांनी रीपरसाठी ओसारा हे मोफत एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्राम, सुरू केलं. कर्सर कुठे आहे, ट्रॅक म्यूट झाला का, हे ते बोलून सांगतं. आवाजाची पातळी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरी सांगतं. म्हणजे ज्यांची गरज, त्यांनीच हत्यार घडवलं.

प्लग-इनचं, म्हणजे आवाजावर संस्कार करायला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांचं, दुखणं अजून उरलं आहे. बरेचसे आजही नुसतं रंगवलेलं चित्रच असतात. रीपर त्यांची मूल्यं साध्या यादीत मांडून देतो, म्हणून तिथे निभावतं. पण प्लग-इनच्या स्वतःच्या खिडकीतला आलेख किंवा प्रीसेटची (आधीच ठरवून ठेवलेल्या मूल्यांच्या संचाची) निवड त्या यादीत येईलच असं नाही.