आधी नोकरी, मग पद्मश्री : कष्टकरी घरांतील फुटबॉलपटूंच्या सन्मानाची पार्श्वभूमी

निवृत्त फुटबॉलपटू आय. एम. विजयन यांना २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बहुतेक बातम्यांची सुरुवात सोड्याच्या बाटलीने झाली. केरळमधील त्रिशूरच्या महापालिका स्टेडियमवर लहानगा विजयन सामने पाहायला आलेल्यांना सोडा विकत असे आणि एका बाटलीमागे त्याला दहा पैसे मिळत. ही कथा खरी आहे, हृद्यही आहे. परंतु त्या बाटलीपासून राष्ट्रपती भवनापर्यंतचा रस्ता कोणत्या व्यवस्थेने बांधला, हे तिच्यातून कळत नाही.

तो रस्ता पोलीस खात्यातून गेला. केरळ पोलिसांनी विजयन यांना मिसरूड फुटण्याच्या वयात आपल्या संघात घेतले आणि त्या संघाने १९९० मध्ये फेडरेशन चषक ही देशातील क्लबांची स्पर्धा जिंकली. पुढे ते कोलकात्याच्या मोहन बागानकडे आणि नंतर पंजाबमधील फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीच्या संघाकडे गेले. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग याच गिरणीच्या संघाने जिंकली. १९९९ मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला केलेला त्यांचा गोल आजही सांगितला जातो. खेळ थांबल्यावरही पोलीस खात्याची नोकरी होतीच, आणि २०२५ मध्ये ते त्याच खात्यातून निवृत्त झाले. ज्या घरात उद्याच्या जेवणाची खात्री नसते, त्या घरातील मुलासाठी महिन्याचा पगार हाच पहिला सन्मान असतो; शाल, श्रीफळ आणि पदक त्यानंतर येतात.

मराठवाड्याच्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये, कारण तिचा सर्वांत तेजस्वी काळ आपल्याच जुन्या राज्याच्या राजधानीत घडला. हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्या संघाला घडवले आणि पुढे देशाच्या संघालाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी मेलबर्न ऑलिम्पिक सुरू झाले. हैदराबादच्या अनेक खेळाडूंचा भरणा असलेला रहीमसाहेबांचा भारतीय संघ तेथे चौथा आला. भाषेच्या न्यायाने झालेली ती पुनर्रचना योग्यच होती, पण फुटबॉलची ती शाळा हैदराबादेत मुसी नदीकाठीच राहिली आणि आपल्या वाट्याला तिच्या आठवणीही फारशा आल्या नाहीत.

त्या मेलबर्नच्या संघात तुलसीदास बलराम होते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीतील गरीब तमिळ कुटुंबातला हा मुलगा. सरावाला यायचे तर अंतर लांब आणि खिशात पैसा नाही, तेव्हा रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे स्वतः दिले, अशी आठवण बलराम सांगत असत. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांनी हंगेरी आणि पेरू या दोन्ही संघांविरुद्ध गोल केले, १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई सुवर्णपदकात त्यांचा वाटा होता, आणि फुप्फुसाच्या आजाराने त्यांना विशीतच खेळ सोडावा लागला. आघाडीच्या फळीतले त्यांचे साथीदार चुनी गोस्वामी यांना १९८३ मध्ये आणि पी. के. बॅनर्जी यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. बलराम यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मिळाली नाही. हा अन्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे, आणि विजयन यांच्या गौरवाच्या आनंदात तो विसरला जाऊ नये.

दरम्यान शिडीच्या पायऱ्या निखळत गेल्या. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ २०१० मध्ये आणि फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. त्यानंतर आलेल्या व्यावसायिक लीगमध्ये पैसा मोठा आहे, परंतु करार संपला की खेळाडू मोकळा. निवृत्तीपर्यंत पोसणारे खाते त्याच्या पाठीशी नसते.

महाराष्ट्रात आता खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि आपल्याकडील मुलांची सारी आशा त्यावर टेकलेली असते. नांदेड-परभणीच्या मैदानांवर संध्याकाळी फुटबॉलच्या बुटांची (स्टडची) एकच जोडी दोन भाऊ आलटून-पालटून घालताना मी पाहिले आहेत. मध्यंतराला मोठा लेस सोडतो आणि धाकटा पुढे कापूस कोंबून पाय घालतो. त्यांतील मोठा सकाळी पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करतो. राज्यस्तरीय स्पर्धेचे प्रमाणपत्र त्याने प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवले आहे, आणि त्याची पडताळणी अजून व्हायची आहे.