खुर्ची सुटते, खोली सुटत नाही

१९६९च्या उन्हाळ्यात मॅट बस्बी यांनी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मॅनेजरची खुर्ची सोडली, पण ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या मैदानातली आपली खोली सोडली नाही. चोवीस वर्षं त्यांनी हा क्लब चालवला होता. १९५८ साली म्युनिकच्या विमान अपघातात त्यांचे आठ खेळाडू गेले, ते स्वतः मृत्यूच्या दारातून परत आले, आणि दहा वर्षांनी त्यांनी युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकून दाखवला. अशा माणसाला ‘आता खोली रिकामी करा’ असं सांगणार कोण? क्लबने त्यांना जनरल मॅनेजर केलं आणि संघाची सूत्रं ३१ वर्षांच्या विल्फ मॅकगिनेस यांच्या हाती दिली.

एखादा प्रशिक्षक वर्षानुवर्षं एका क्लबमध्ये राहिला आणि निवृत्तीला आला, की चर्चा नावांपासून सुरू होते: अमुक येणार की तमुक? मागची साठ-सत्तर वर्षं पाहिली तर नाव हा या प्रश्नाचा शेवटचा भाग आहे, असं मला वाटतं. जाणारा माणूस कोणकोणती कामं एकटा करत होता आणि ती आता कोणाकडे जाणार, हे ज्यांनी आधी ठरवलं ते तरले. ज्यांनी फक्त वारसदार शोधला, त्यांनी बहुतेक वेळा एका भल्या माणसाचा बळी दिला.

मॅकगिनेस घरचेच होते. बस्बींच्याच युवा संघातून वर आलेले, पाय मोडल्यामुळे खेळ लवकर संपलेला, मग तिथेच प्रशिक्षक झालेले. कागदावर याहून चांगला वारस मिळणार नाही. अडचण पदातच होती. बस्बी १९४५ साली आले तेव्हा इंग्लंडमध्ये संघनिवडीत संचालक लुडबुड करत. बस्बींनी ते बंद पाडलं. संघ कोणता, खेळाडू कोण घ्यायचा, पोरं कुठून हेरायची, सगळं त्यांच्या शब्दावर. क्लब मोठा झाला तो त्यामुळेच, आणि तो एका माणसात साठला तोही त्यामुळेच. मॅकगिनेस यांना पद मिळालं ते फक्त ‘मुख्य प्रशिक्षका’चं. मॅनेजर म्हणून बढती व्हायला वर्ष गेलं. ड्रेसिंग रूममध्ये समोर बॉबी चार्ल्टन, त्यांच्याच वयाचे, युवा संघापासूनचे सोबती. आणि एखाद्या खेळाडूला नवा निर्णय पटला नाही, तर जुने साहेब त्याच इमारतीत बसलेले.

दीड हंगामात संघ तीन वेळा उपांत्य फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. डिसेंबर १९७०मध्ये मॅकगिनेस यांना हटवलं आणि बस्बी स्वतः परत डगआउटमध्ये आले. पुढे फ्रँक ओ’फॅरल आले, दीड वर्षात गेले. मग टॉमी डॉकर्टी. युरोपचं विजेतेपद मिळवल्यानंतर सहाच वर्षांत, १९७४ साली, युनायटेड दुसऱ्या श्रेणीत घसरला. ‘मॅकगिनेस कमी पडले’ असं एका वाक्यात हे सांगितलं जातं तेव्हा मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांना किल्ल्या दिल्याच नव्हत्या, फक्त दार उघडं आहे की नाही याचा जाब विचारला गेला.

त्याच १९७४च्या जुलैत, तिथून जेमतेम तासाभराच्या अंतरावर, लिव्हरपूल क्लबचे मॅनेजर बिल शँक्ली यांनी राजीनामा दिला. वय साठ, मे महिन्यात एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा जिंकलेली. कोणालाच कल्पना नव्हती. वारसदाराची आखणी वगैरे काही झालेली नव्हती. क्लबने बॉब पेझली यांना विचारलं, आणि पेझली यांना ते पद मनापासून नको होतं. १९३९पासून ते या क्लबमध्ये होते: आधी खेळाडू, मग खेळाडूंच्या दुखापती पाहणारे, मग शँक्लींचे सहायक. कमी बोलणारे, कॅमेऱ्यापुढे अवघडणारे. शँक्लींचा करिष्मा त्यांच्याकडे नव्हता. नऊ हंगामांत त्यांनी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीची, म्हणजे लीगची, सहा विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप जिंकले.

हे नशिबाने झालं नाही. त्याचं बी पंधरा वर्षं आधी पडलं होतं. डिसेंबर १९५९मध्ये शँक्ली आले तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत होता. नवा मॅनेजर आला की स्वतःची माणसं आणतो आणि जुन्यांना नारळ देतो, ही तेव्हाही रीत होती. शँक्लींनी पेझली, जो फेगन आणि रूबेन बेनेट यांना ठेवून घेतलं. हे सगळे अँफिल्ड या क्लबच्या मैदानावरच्या एका अंधाऱ्या खोलीत, खेळाडूंचे बूट ठेवायच्या जागेत बसत. कोणाचं गुडघ्याचं दुखणं कधी उलटतं, कोणता सराव ऑक्टोबरमध्ये चालतो आणि फेब्रुवारीत अंगाशी येतो, अशा गोष्टी तिथे बोलल्या जात. सरावाच्या नोंदी रोज वहीत उतरवल्या जात. शँक्ली गेले तेव्हा त्यांचा आवाज गेला. जाणतेपण वहीत आणि त्या खोलीत राहिलं. इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘बूट रूम’ म्हणतात ते हेच.

पेझलींनंतर १९८३ साली ६२ वर्षांचे फेगन आले आणि पहिल्याच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तीन किताब घेऊन गेले. १९८५ साली ब्रसेल्समधल्या हेझल मैदानावरच्या दुर्घटनेनंतर, ज्यात ३९ माणसं गेली, केनी डॅलग्लिश यांनी खेळाडू असतानाच मॅनेजरपद घेतलं. त्यांना सल्ला द्यायला क्लबने पेझलींना सोबत दिलं. पहिल्या हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही मिळाले. निवृत्त माणूस उपयोगी पडतो तो असा: नव्याने हाक मारली तर.

शँक्लींची कहाणी मात्र याच यशाच्या पोटात दडलेलं दुःख आहे. राजीनाम्यानंतरही ते मेलवूडच्या सरावाच्या मैदानावर येत राहिले. खेळाडू त्यांना सवयीने ‘बॉस’ म्हणत, आणि नवे बॉस बाजूला उभे असत. अखेर, तुमच्या येण्याने अडचण होते, हे त्यांना कळवावं लागलं. ते दुखावले गेले, आणि ती जखम कधी नीट भरली नाही. क्लबचं चुकलं असं म्हणता येत नाही, शँक्लींचंही नाही. निवृत्तीनंतरच्या सकाळी त्या माणसाने कुठे जायचं, याचा विचार कोणीच केला नव्हता.

त्याच १९७४ साली लीड्स क्लबने तिसराच मार्ग धरला. तेरा वर्षांनंतर त्यांचे मॅनेजर डॉन रेव्ही इंग्लंडच्या संघाकडे गेले. त्यांनी जॉनी जाइल्स यांचं नाव सुचवलं होतं. संचालकांनी आणलं ब्रायन क्लफ यांना, ज्यांनी रेव्हींच्या संघावर जाहीरपणे कडाडून टीका केली होती. ते ४४ दिवस टिकले.

राष्ट्रीय संघांत हीच गोष्ट वेगळ्या चालीने घडते, कारण तिथे रोजचा क्लब चालवायचा नसतो. जर्मनीने, आणि युद्धानंतर पश्चिम जर्मनीने, सहायकाला पुढे आणायची परंपराच पाडली. सेप हर्बर्गर १९३६ साली आले, ओटो नेर्झ यांच्या हाताखालून. १९६४मध्ये हर्बर्गर यांच्या हाताखालून हेल्मुट श्योन आले, आणि १९७८मध्ये श्योन यांच्या हाताखालून युप डेरवाल. ४८ वर्षांत तीन प्रशिक्षक, १९५४ आणि १९७४चे विश्वचषक, १९७२ आणि १९८०ची युरोपीय विजेतेपदं. आजही सहायकालाच बढती द्या म्हणणारे याचाच दाखला देतात.

पण ती साखळी कशी तुटली हेही पाहायला हवं. १९८४च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत गटातच गाशा गुंडाळावा लागल्यावर डेरवाल गेले आणि फ्रान्झ बेकेनबाउर आले, ज्यांच्याकडे प्रशिक्षकाचा परवानाही नव्हता. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ज्ञान टिकतं, तशा सवयीही टिकतात. पुढच्या काळातले जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम ल्योव यांनी मार्च २०२१मध्ये आपण युरोनंतर जाणार असं आधीच सांगितलं. १५ वर्षांची त्यांची कारकीर्द संपली आणि आले हान्सी फ्लिक, २०१४चा विश्वचषक जिंकताना ल्योव यांचे सहायक असलेले. मधल्या काळात त्यांनी बायर्न या जर्मन क्लबला युरोपचं विजेतेपदही मिळवून दिलं होतं. निवड शहाणपणाची होती, वेळही पुरेसा होता. २०२२च्या विश्वचषकात संघ गटातूनच परतला आणि सप्टेंबर २०२३मध्ये जपानकडून ४-१ असा पराभव झाल्यावर फ्लिक यांना काढलं गेलं. जर्मन महासंघाने राष्ट्रीय प्रशिक्षकाला बडतर्फ करण्याची ती पहिलीच वेळ. लिव्हरपूलची साखळीही अशीच विरत गेली. बूट रूमचे शेवटचे वारस रॉय एव्हन्स १९९८मध्ये गेले, आणि १९९०नंतरचं लीग विजेतेपद तीस वर्षांनी आलं.

आता मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न दोनदा आला, आणि पहिली वेळ लोक विसरतात. २००२च्या उन्हाळ्यात निवृत्त होणार असं त्यांनी वर्षभर आधी जाहीर केलं होतं. त्यांचे सहायक स्टीव्ह मॅकलॅरन स्वतःचा क्लब सांभाळायला मिडल्सब्रोला निघून गेले. हंगाम सुरू झाला आणि संघ ढिला पडला. जाणाऱ्या माणसाचा धाक उरत नाही. फेब्रुवारी २००२मध्ये फर्ग्युसन यांनी निर्णय फिरवला. युनायटेड त्या वर्षी तिसरा आला. घोषणा इतकी आधी करणं ही चूक होती असं त्यांनी नंतर स्वतः मान्य केलं. पुढच्या अकरा वर्षांत त्यांनी आणखी सहा लीग विजेतेपदं आणि २००८ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपियन कपचंच नवं रूप, जिंकली.

म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी गुपित पाळलं. घरात निर्णय झाला होता तो २०१२च्या नाताळापर्यंत, जगाला कळलं ८ मे २०१३ला. दुसऱ्या दिवशी डेव्हिड मॉइज यांचं नाव जाहीर झालं, करार सहा वर्षांचा. आधीची चूक टाळण्याच्या नादात दुसरी चूक झाली. त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले, म्हणजे खेळाडू विकत घेणारे दोन्ही अनुभवी हात एकदम सुटले. मॉइज आपली माणसं घेऊन आले. फर्ग्युसन यांचे सहायक माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील निघून गेले. संघ ११ गुणांच्या फरकाने विजेता होता खरा, पण रायन गिग्ज ३९ वर्षांचे, रिओ फर्डिनंड ३४चे. अशा संघातून आणखी एक विजेतेपद काढणं फर्ग्युसन यांना जमलं, कारण त्यातला प्रत्येक खेळाडू त्यांनी स्वतः आणलेला किंवा घडवलेला होता. मॉइज २२ एप्रिल २०१४ला गेले, संघ सातवा आला.

बस्बींचा धडा युनायटेडलाच सर्वांत जास्त ठाऊक असायला हवा होता. फर्ग्युसन १९८६मध्ये आले तेव्हा बस्बी अजून क्लबमध्ये येत असत, आणि फर्ग्युसन यांना त्यांचा आधारच वाटे. १९६७नंतरचं पहिलं लीग विजेतेपद १९९३ साली आलं, ते पाहायला बस्बी होते. मॅकगिनेस यांच्यावर ज्यांची सावली पडली, तेच म्हातारे गृहस्थ मधली पंधरा वर्षं उलटल्यावर सावली देणारे झाले.

लंडनच्या आर्सेनल क्लबने २०१८मध्ये मॅनेजर आर्सेन वेंगर यांच्या २२ वर्षांनंतर उनाई एमरी यांना आणलं ते ‘मॅनेजर’ म्हणून नव्हे, ‘मुख्य प्रशिक्षक’ म्हणून. खेळाडू हेरणं आणि करार करणं आधीच दुसऱ्यांकडे गेलं होतं. एमरी दीड वर्षच टिकले, पण काम वाटून टाकायचं हा विचार तिथून मागे गेला नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग क्लबकडे तो बराच आधीपासून आहे, आणि मला हे उदाहरण सर्वांत जवळचं वाटतं. तिथे प्रशिक्षक फोल्कर फिंके १६ वर्षं राहिले, आणि २००७मध्ये त्यांच्या जाण्यावरून चाहत्यांत उभी फूट पडली. डिसेंबर २०११मध्ये संघ तळाला असताना क्लबने तरुण खेळाडू घडवणाऱ्या आपल्या अकादमीत १९९५पासून काम करणाऱ्या क्रिस्टियान श्ट्राइख यांना वर आणलं. २०१५मध्ये संघ घसरला, तरी त्यांना कोणी हात लावला नाही. पुढच्याच वर्षी ते संघाला परत घेऊन आले. दरम्यान माजी कर्णधार युलियान शुस्टर यांना अकादमी आणि मुख्य संघ यांना जोडणारं काम दिलं गेलं. मार्च २०२४मध्ये श्ट्राइख यांनी थांबायचं ठरवलं तेव्हा शुस्टर यांनी कुठलाही संघ मुख्य प्रशिक्षक म्हणून चालवलेला नव्हता. पहिल्या हंगामात फ्रायबुर्ग पाचवा आला.

त्याच २०२४ साली २६ जानेवारीला मॅनेजर युर्गेन क्लॉप यांनी लिव्हरपूल सोडणार असल्याचं सांगितलं. थकलोय, हे कारण त्यांनी उघडपणे दिलं. क्लबला चार महिने मिळाले. क्लबचे माजी क्रीडा संचालक मायकेल एडवर्ड्स परतले, रिचर्ड ह्यूज क्रीडा संचालक झाले आणि मग त्यांनी प्रशिक्षक निवडला: फेयेनूर्ड या डच क्लबचे आर्ने स्लॉट, मुख्य प्रशिक्षक या पदावर. त्या उन्हाळ्यात संघात फारशी मोडतोड झाली नाही.

मे २०१३मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवरच्या आपल्या शेवटच्या सामन्यानंतर फर्ग्युसन यांनी हातात माइक घेऊन प्रेक्षकांना नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायला सांगितलं होतं. १९ मे २०२४ला अँफिल्डवर क्लॉप यांनीही माइक घेतला आणि स्वतःच्या निरोपाच्या दिवशी हजारो लोकांकडून स्लॉट यांच्या नावाचं गाणं म्हणवून घेतलं. २७ एप्रिल २०२५ला त्याच मैदानावर टॉटनहॅमला ५-१ने हरवून लिव्हरपूलने लीग जिंकली. हंगामातले चार सामने अजून शिल्लक होते.