किती लिटरचा बॉक्स?

मुंबईत गाडीला सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा आवाज (बास) देणारा मोठा स्पीकर, बसवायला गेलं की दुकानदार आधी गाडी कुठली ते विचारतो आणि लगेच, "सीएनजी आहे का?" स्पीकर कुठला घ्यायचा ही गोष्ट त्यानंतरची. सीएनजीची टाकी साधारण 60 लिटरची, 12 इंची सबवूफरचा पोर्टेड (भोक पाडून नळी बसवलेला) बॉक्स जवळजवळ तेवढाच, आणि डिक्की एकच. मग गिऱ्हाईक म्हणतं, बॉक्स जरा लहान करा की. तो का होत नाही, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

आज आपण वापरतो त्या स्पीकरचा आराखडा 1925 चा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकात हलणारी कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदी कोन (शंकू) अशी रचना मांडली. त्यातली अडचणही तेव्हापासूनचीच. कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. 40 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 40 कंपनांची, लाट सुमारे साडेआठ मीटर लांब, म्हणजे छोट्या गाडीच्या दुप्पट. एवढी लांब लाट स्पीकरच्या कडेवरून सहज वळते आणि पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. नुसता वूफर हातात धरून वाजवला की पत्र्याचा डबा वाजल्यासारखा वाटतो तो यामुळेच. बॉक्सचं पहिलं काम या दोघांना वेगळं ठेवणं.

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत हे काम अर्धवट व्हायचं. मागच्या काचेखालच्या फळीला दोन अंडाकृती भोकं पाडायची, त्यात स्पीकर बसवायचे, खालची डिक्की हाच बॉक्स. फळी थरथरायची, फटी राहायच्या, तरी कॅसेटच्या जमान्यात लोक खूश होते. नंतर हॅचबॅक आल्या, डिक्की आणि बसायची जागा एकच झाली, आणि स्वतंत्र पेटीवाचून गत्यंतर उरलं नाही.

पेटीला भोक पाडून बास वाढवायची युक्ती मात्र जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांनी तिच्या पेटंटसाठी 1930 साली अर्ज केला, 1932 साली ते मिळालं. ही युक्ती मला समजली ती आजीच्या घागरीवरून. नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात, त्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. घागरीच्या तोंडाशी फुंकर घातली की आतली हवा स्प्रिंगसारखी दबते-सुटते आणि गळ्यातली हवा त्या स्प्रिंगवर वजनासारखी नाचते. घागर मोठी तर आवाज खर्जात, तोंड रुंद तर वर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात हेच पोकळ गोलांवर अभ्यासलं होतं. थुरास यांनी फुंकर मारायचं काम स्पीकरच्या पाठीकडे सोपवलं. कोनामागची वाया जाणारी ताकद नळीतून बाहेर येते आणि एका ठरावीक सुरापाशी पुढच्या आवाजाला साथ देते.

याच्या उलट वाट धरली एडगर विल्चर यांनी. 1954 साली हेन्री क्लॉस यांच्याबरोबर त्यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांच्या स्पीकरची किनार मुद्दाम ढिली, पेटी गच्च बंद, आणि कोनाला मागे ओढायचं काम आतल्या हवेकडे. तोवर चांगला बास हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची, ती एकदम पुस्तकांच्या फळीवर मावू लागली. फुकट काहीच नव्हतं. तेवढ्याच आवाजाला जास्त वॉटचा अँप्लिफायर लागू लागला.

हा सौदा नियमाच्या रूपात मांडला अँटन हॉफमन यांनी. क्लॉस यांच्याबरोबर 1957 मध्ये केएलएच कंपनी काढणाऱ्या तिघांपैकी हे एक, नामवंत पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. लहान पेटी, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यांतल्या कुठल्याही दोनच गोष्टी मिळतील. मुंबईत घर शोधलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

एवढं होऊनही पेटीचं नेमकं माप काढणं अंदाजपंचेच होतं. पेटी बनवा, ऐका, नळी कापा, पुन्हा ऐका. यातून सोडवलं ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थिएल यांनी. ते सिडनीत ईएमआय कंपनीत नोकरीला होते. त्यांच्या लक्षात आलं की पेटीतला स्पीकर गणिताच्या दृष्टीने विजेच्या फिल्टरसारखाच वागतो, आणि फिल्टरचे तक्ते तर तयारच होते. 1961 साली त्यांनी निबंध छापला, तो तिकडच्याच एका संस्थेच्या नियतकालिकात. दहा वर्षं जगाने ढुंकून पाहिलं नाही. 1971 मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने तो पुन्हा छापला. सिडनी विद्यापीठात शिकायला आलेल्या रिचर्ड स्मॉल या अमेरिकन माणसाने 1972-73 मधल्या लेखांतून ते काम पुरं केलं. सबवूफरच्या खोक्यात मिळणाऱ्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे असतात, ते या दोघांचे. एफएस म्हणजे मोकळा कोन ज्या सुरावर आपणहून थरथरतो तो, क्यूटीएस म्हणजे ती थरथर किती लवकर आवरते त्याचं माप, आणि व्हीएएस म्हणजे त्याच्या किनारीइतकीच ताठ असलेली हवा किती लिटर. हे तीन आकडे विनआयएसडीसारख्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये भरले की पेटी वाजायच्या आधी ती कुठल्या सुराला किती आवाज देईल याचा आलेख दिसतो. गंमत म्हणजे स्मॉल स्वतः पुढे हार्मन या ऑडिओ कंपनीत गाड्यांच्याच स्पीकरवर काम करत होते.

मी माझा पहिला बॉक्स आमच्या गल्लीतल्या सुताराकडून करून घेतला तेव्हा आलेख काढला होता, अक्कल नव्हती. बाहेरून 60 बाय 36 बाय 36 सेंटिमीटर, म्हणजे 78 लिटर झाले म्हणून मी निश्चिंत. 18 मिलिमीटरच्या लाकडानेच त्यातले 18-19 लिटर खाल्ले. स्पीकरचं चुंबक आणि नळी वजा जाता उरले 53. चार इंची पीव्हीसीची नळी 31 सेंटिमीटर हवी होती, म्हणजे सूर 34 हर्ट्झच्या आसपास लागला असता. पण आतली खोली 32 आणि नळीचं तोंड मागच्या भिंतीला टेकायला आलेलं. सुताराने मला न विचारता निम्मी कापली. त्याच्या दृष्टीने ती सांडपाण्याची नळी, लांबी कमी-जास्त झाली तर काय बिघडतं! सूर थेट 45 हर्ट्झवर गेला. ढोल ठीक, पण बास गिटारचा खालचा सूर गायब आणि मधलीच एक पट्टी ओरडायची. शेवटी आत एल्बो टाकून नळी वळवली. शिवाय लाकूड एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड. दुसऱ्या पावसाळ्यात डिक्कीच्या दमट हवेने खालची कड फुगली, सांधा सुटला, हवा फुसफुसू लागली. तेव्हापासून मी मरीन प्लायशिवाय दुसरं काही सुचवत नाही, महाग असला तरी.

गाडीत मात्र एक फायदा आहे जो दिवाणखान्यात मिळत नाही. आतली लांबी तीनेक मीटर, त्यामुळे साधारण 55-60 हर्ट्झच्या खाली लाटेला मावायला जागाच नसते, स्पीकर सबंध गाडीतली हवा एकदम दाबतो-सोडतो. सूर जितका खाली तितका दाब वाढत जातो, तत्त्वतः दर सप्तकाला 12 डेसिबलपर्यंत, दारं आणि पत्रे लवचिक असल्याने प्रत्यक्षात कमी. बंद पेटीचा आवाज खाली दर सप्तकाला नेमका 12 डेसिबलनेच उतरतो. एकाची घसरण दुसऱ्याची चढण बरीचशी भरून काढते, म्हणून 28-30 लिटरची बंद पेटीही गाडीत दमदार वाटते. पोर्टेडचा उतार 24 चा, पण त्याच्या सुरापाशी तो दणदणीत. ज्यांना सिग्नलला शेजारच्या गाडीची काच हलवायची असते ते तोच मागतात.

सीएनजीच्या टाकीवाल्यांनी बंद पेटी घ्यावी हे माझं मत यावरूनच. अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. टाटांनी 2023 मध्ये अल्ट्रोझ सीएनजीत एका मोठ्या टाकीऐवजी 30-30 लिटरच्या दोन टाक्या डिक्कीच्या फरशीखाली बसवल्या. वरची जागा मोकळी राहिली. तशी गाडी घेतलेला माझा एक मित्र परवा टेप घेऊन माझ्याकडे आला होता, आतलं माप कसं काढायचं विचारायला. मी त्याला आधी लाकडाची जाडी विचारली.